मेलेल्यानं बोलायचं नाही

भगवंतराव औटी एसटीतून रिटायर झाले, पण त्यांचा आवाज काही रिटायर झाला नाही. सगळी नोकरी त्यांनी स्टँडवरच्या जाळीच्या खोलीत बसून माईकवर गाड्या पुकारण्यात काढली होती. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढं म्हटलं की रस पिणारा ग्लास तसाच हातात धरायचा आणि भांडणारं जोडपं भांडण पुढच्या गाडीवर ढकलायचं. असला आवाज जुन्नरच्या गल्लीतल्या घरात मावणार कसा? सकाळी ते "शालन, टॉवेल" म्हणाले की समोरचे पिठाच्या गिरणीचे मालक दादाभाऊ आपला टॉवेल चाचपून बघत. शालनबाई म्हणायच्या, "अहो, हळू. मी काय चार नंबरच्या फलाटावर उभी आहे का?"

पण दुखणं आवाजाचं नव्हतं, ऐकणाऱ्यांचं होतं. रिटायर माणसाकडं लोक येत नाहीत असं नाही. येतात, पण चहापुरते. कप खाली ठेवला की गुडघ्यावर हात टेकून "बरं, येतो मग" म्हणतात. हे तीन शब्द भगवंतरावांना शिवीसारखे लागायचे. ज्या माणसाच्या तोंडाकडं अख्खा स्टँड बघत होता, त्याच्याकडं बशीतला चहा संपेपर्यंतच बघितलं जावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. माणसं चहा झाल्यावरही बसली पाहिजेत, एवढीच त्यांची या वयातली मागणी होती. देवाकडं सुद्धा त्यांनी याहून वेगळं काही मागितलं नव्हतं.

दिवाळीत त्यांची मुलगी समृद्धी पुण्याहून आली ती एक खोकं घेऊन. म्हणाली, "बाबा, हा खेळ तुमच्यासाठीच केलाय बघा. यात एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं."

भगवंतरावांनी पुढचं ऐकून न घेता खोकं ताब्यात घेतलं.

खेळ म्हणजे पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी सोंगं घ्यायची, कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चोर. आपलं सोंग आता काय करणार ते ज्याचं त्यानं बोलून दाखवायचं आणि वीस तोंडांचा एक फासा असतो तो टाकायचा. दहाच्या वर पडलं की काम झालं, खाली पडलं की फसलं. शेवटी एका गुहेत खजिना आणि त्याच्यावर ड्रॅगन बसलेला. गल्लीनं या प्रकाराचं नाव 'सोंगाचा खेळ' ठेवलं आणि विषय मिटवला.

खेळायला चार जण जमले. शालनबाईंचा धाकटा भाऊ संपत हा पहिला. गाव बोरी बुद्रुक, पण जुन्नरला खताच्या दुकानात कामाला. संध्याकाळी घरी जाताना तो बहिणीकडं टेकायचा. त्यानं योद्धा घेतला. दुसरे पोपटराव, टपाल खात्यातून रिटायर झालेले, भगवंतरावांचे जुने दोस्त. त्यांनी वैद्य घेतला. शेजारची आरती प्राथमिक शाळेत शिकवते. दिवसभर पोरांना "चोरी करू नये" सांगून ती कंटाळली होती, म्हणून तिनं चोर घेतला. शालनबाई म्हणाल्या, "मला नाही जमत सोंगबिंग. मी माझीच राहते." त्यामुळं त्या खेळात शालनबाई म्हणूनच उतरल्या, पदर खोचून.

पहिल्या दिवशी भगवंतरावांनी गुहेचं असं वर्णन केलं की पोपटरावांनी मफलर गुंडाळला. आतून ड्रॅगन बाहेर आला. आता तुंबळ लढाई होणार, तेवढ्यात शालनबाई म्हणाल्या, "उपाशी असेल मेला. मी त्याला भाकरी टाकते." फासा टाकला तर पडले वीस. खेळाच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं की वीस पडले तर मनातलं होतंच. ड्रॅगननं भाकरी खाल्ली आणि शालनबाईंच्या पायाशी आडवा झाला. खजिना मिळाला, खेळ खल्लास, आणि स्वयंपाकघरात चहाला उकळीसुद्धा आली नव्हती. सगळ्यांनी चहा घेतला आणि चौघांतले तिघं एका सुरात म्हणाले, "बरं, येतो मग."

भगवंतरावांचा तोंडाशी आलेला घास गेला. त्यांनी पुण्याला फोन लावला. "समृद्धी, खेळ फार सोपा आहे. तुझ्या आईनं ड्रॅगनला माणसाळवलं."

"मग घरचे नियम लावा की, बाबा," समृद्धी हसून म्हणाली. "सगळेच लावतात. खेळ अवघड करायचा असेल तर आपापले चार नियम वाढवायचे."

ज्या माणसानं सगळी नोकरी वरून आलेली परिपत्रकं पाळण्यात घालवली आणि स्वतःचं असं एकही काढलं नाही, त्याला हे सांगायला नको होतं. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला. भगवंतराव कामाला लागले.

पहिला नियम लगेजचा. मोहिमेवर निघताना बरोबर काय काय घेतलंय ते आधी सांगायचं. सांगितलं नाही ते नाही. पोपटरावांनी दोर सांगितला नाही, तर त्यांचा वैद्य विहिरीत पडला तो एक अख्खी संध्याकाळ तिथंच बसला. पोपटराव खुर्चीत बसून "अहो, मी विहिरीत आहे, मला चहा कसा पोचणार?" असं कडवटपणे विचारत राहिले. शालनबाईंना भाकरीचं वजन धरायला लावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नवऱ्याच्या घरात माझ्याच भाकरीला लगेज? बरं आहे." त्या दिवशी रात्रीच्या जेवणात भाकरी वातड निघाली. भगवंतरावांनी तक्रार केली नाही.

दुसरा नियम दादाभाऊंनी सुचवला. हे गृहस्थ खेळत नसत, पण गिरणी बंद केली की पिठाच्या अंगानं खिडकीत उभे राहून सल्ला देत. सल्ल्याला त्यांनी कधी दळणाचा भाव लावला नाही. ते म्हणाले, "भगवंतराव, पंखवाल्या सरड्याला इथं कोण भिणार? वाघ घाला. उसातला."

वाघ म्हणजे बिबट्या. पुस्तकात आणि पेपरात तो बिबट्या असतो, आमच्या तालुक्यात तो वाघच. आणि वाघ ही इथं चेष्टेची गोष्ट नाही. दिवस मावळला की उसाच्या कडेनं जाणारा माणूस हातात बॅटरी घेतो, मोबाईलवर मोठ्यानं भजन लावतो आणि मागं बघत नाही. त्यामुळं गुहा गेली, ऊस आला, ड्रॅगन गेला, वाघ आला, आणि चौघंही खुर्चीत सावरून बसले. भाकरी टाकायचं नाव आता कोणी काढेना.

तिसरा नियम फोनचा. खेळ सुरू झाला की सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात. संपत म्हणाला, "दाजी, शेठचा फोन आला तर नोकरी जाईल माझी." मग पोटनियम निघाला. ज्याला फोन जवळ ठेवायचाच आहे त्यानं ठेवावा, पण खेळात फोन वाजला तर तो वाघाला ऐकू गेला, असं समजण्यात येईल.

आणि चौथा नियम, ज्यानं पुढचं सगळं रामायण घडवलं. आरतीचा चोर एकदा वाघाच्या तावडीत मेला, पण आरती काही गप्प बसेना. मेल्यावरही ती "डावीकडून जा, डावीकडून" करत राहिली. भगवंतरावांनी नियम काढला की मेलेल्यानं बोलायचं नाही. खुणा करायच्या नाहीत. फोन घ्यायचा नाही. कॉटवर आडवं पडायचं आणि तोंडावर पांढरा टॉवेल घ्यायचा, म्हणजे चेहऱ्यावरून कोणाला काही कळायला नको.

"हा नियम अशुभ आहे," शालनबाई म्हणाल्या.

"नियम नियम असतो," भगवंतराव म्हणाले. "शुभ-अशुभ भटजीला विचार."

कुरकुर पुष्कळ झाली. पण मजा अशी की माणसं चहा झाल्यावरही उठेनात. पोपटराव म्हणायचे, "वाघ मारल्याशिवाय घरी जायला तोंड नाही, राव." रोज संध्याकाळी बैठक भरायची, भगवंतराव घसा खाकरायचे आणि चार माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. त्यांना झोप चांगली लागायला लागली. बीपीची गोळी सुद्धा अर्धी झाली, असं ते सांगत. डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं.

आणि मग तो गुरुवार उजाडला. खरं तर मावळला.

दिवेलागणीची वेळ. चोर, वैद्य आणि शालनबाई उसाच्या बांधावर दबा धरून बसलेल्या. संपतचा योद्धा एकटा आत शिरलेला. भगवंतरावांनी आवाज इतका खाली आणला होता की तो दादाभाऊंच्या गिरणीपर्यंतच जात होता. एवढ्यात संपतच्या खिशात फोन वाजला.

फोन संपतच्या आईचा, म्हणजे साळुबाईंचा. भगवंतरावांच्या सासूबाई बोरीला राहतात. पोरगं अंधाराच्या आत उसाच्या रस्त्यानं घरी यावं म्हणून त्या रोज याच वेळी फोन करायच्या. संपतनं फोन उचलला आणि म्हणाला, "आई, थांब गं जरा. हितं वाघ आलाय." एवढं बोलून त्यानं फोन तसाच टेबलावर ठेवला आणि गडबडीत फासा टाकला.

पडला एक. एकाच्या खाली फाशावर काही नसतं.

भगवंतराव खुर्चीतून उठून उभे राहिले. असला क्षण रोज येत नाही. त्यांच्या तोंडून शब्द आपोआप स्टँडवरच्या चालीत बाहेर पडले. "सर्वांनी कृपया लक्ष द्यावे. उसात शिरलेल्या संपतला वाघाने धरलेले आहे. संपत मयत झालेला आहे." आणि स्टँडवर कुठलीही सूचना दोनदा द्यायची असते, ती सवय जाते कुठं? "पुन्हा ऐका. उसात शिरलेल्या संपतला वाघाने धरलेले आहे. संपत मयत झालेला आहे."

संपत बिचारा नियमाचा पक्का. तो एक शब्द बोलला नाही. भगवंतरावांनी बोट दाखवलं तसा तो फोन उचलून, त्याच्याकडं न बघता, डब्यात टाकून आला. कॉटवर आडवा झाला आणि तोंडावर टॉवेल ओढला. दिवसभर खताच्या गोण्या उचललेलं अंग ते. दोन मिनिटांत त्याला गाढ झोप लागली.

इकडं बोरीत काय झालं ते भगवंतरावांना नंतर कळलं. साळुबाईंनी टाहो फोडला तशी आळी गोळा झाली. पुतण्या भरत म्हणाला, "चुलते, नीट ऐकलंस का तू? दुसरं कायतरी आसंल."

"आरं, जावायबापूंनी सोत्ता पुकारलं," साळुबाई म्हणाल्या. "दोनदा. त्या मानसानं पुकारलेली गाडी कदी आली न्हाई आसं झालं का? उशिरा आली आसंल, पन आली."

भरतनं संपतला फोन लावला, मग शालनबाईंना, मग भगवंतरावांना. सगळे फोन पत्र्याच्या डब्यात एकमेकांशेजारी थरथरत होते आणि वर कुकर शिट्ट्या देत होता. मग भरतनं दादाभाऊंना लावला आणि साळुबाईंना पिकअपमध्ये घालून गाडी जुन्नरच्या रस्त्याला घातली.

दादाभाऊ धावत खिडकीशी आले. आता या माणसाला खेळ ठाऊक होता, वाघ तर त्यानंच सुचवलेला. पण भरतनं फोनवर "वाघानं धरला, मेला" असं रडत सांगितल्यावर कोणाचं डोकं ठिकाणावर राहील? त्यांनी फटीतून बघितलं तर कॉटवर संपत, तोंडावर पांढरं फडकं. आणि भगवंतराव दबक्या आवाजात म्हणत होते, "वाघ इथंच आहे. कोणी जागचं हलू नका."

दादाभाऊंच्या अंगावर पीठ होतंच, त्यांचा चेहरा त्याच्याहून पांढरा झाला. पण माणूस धीराचा. वाघ घरात शिरला तर आधी दार बंद करावं, हे इथं लहान पोराला पण माहीत आहे. त्यांनी हळूच पुढच्या दाराला बाहेरून कडी घातली, मागच्या दाराला घातली, आणि वनखात्याला फोन केला.

आत याचा काही पत्ता नव्हता. थोड्या वेळानं पोपटरावांना औषध घ्यायची आठवण झाली. ते उठले आणि दार ओढायला लागले. दार उघडेना.

"भगवंतराव, दाराला बाहेरून कडी आहे. हा पण नियम का?"

भगवंतरावांना काही माहीत नव्हतं. पण चार लोकांत माहीत नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. गाडी कुठं अडकली हे ठाऊक नसलं तरी ते माईकवर "थोड्याच वेळात येत आहे" म्हणायचे. ते शांतपणे म्हणाले, "आहे. वाघ मरेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही."

"अहो, मला बीपीची गोळी घ्यायचीय."

"ती लगेजमध्ये सांगायला हवी होती."

पोपटराव लालबुंद झाले. "भगवंता, तुझी माझी पोस्टात ओळख झाली तेव्हापासून मी तुझं सगळं ऐकतोय. पण हे हद्दीबाहेर चाललंय. ही बैठक आजपासून बंद." आरती पण पर्स उचलून म्हणाली, "काका, खरंच आता जास्त होतंय. मी उद्यापासून नाही येत." शालनबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांचंही तेच मत होतं.

माणसं बसावीत म्हणून लावलेल्या नियमांनीच माणसं उठली. भगवंतराव काही बोलणार, तेवढ्यात बाहेर फटाक्यांची माळ लागली. पाठोपाठ पत्र्याचे डबे बडवल्याचा आवाज आला. गल्लीच्या दोन्ही तोंडांना माणसं, हातात काठ्या, बॅटऱ्या. आणि मग भोंग्यावरून आवाज आला, "घरातल्या लोकांनी लक्ष द्या. घाबरू नका. वाघाच्या डोळ्यात बघू नका."

वनखात्याची गाडी आली होती आणि एक तरुण वनरक्षक भोंगा घेऊन बोलत होता. भगवंतरावांनी क्षणभर ऐकलं आणि नाक मुरडलं. "'कृपया' म्हणाला नाही. आणि दोनदा पण सांगितलं नाही."

"तुमचं काय चाललंय अहो," शालनबाई म्हणाल्या, "खिडकीतून बघा आधी काय झालंय ते."

भगवंतरावांनी खिडकी उघडली. समोर शंभरभर बॅटऱ्या त्यांच्या तोंडावर आल्या. वनरक्षकानं बाहेरून विचारलं, "काका, वाघ कुठल्या खोलीत आहे?"

"वाघ खोलीत नाही. उसात आहे."

"ऊस कुठाय?"

"टेबलावर."

वनरक्षकानं भोंगा खाली घेतला. दादाभाऊ मागून सगळ्यांना सांगू लागले, "धक्क्यानं बिथरलाय बिचारा. मेव्हणा डोळ्यांदेखत गेला." कोणी म्हणालं भुलीचं इंजेक्शन मागवा. कोणी म्हणालं, वाघाला की काकाला? एकानं तर वाघाची शेपटी खिडकीत बघितली होती, पट्टे मोजायचेच काय ते राहिले होते. बिबट्याला पट्टे नसतात, हे त्याला सांगायला कोणाला वेळ नव्हता. साप साप म्हणून भुई धोपटणं चालू होतं आणि भगवंतराव खिडकीच्या गजांमागून "अहो, हा खेळ आहे, खेळ" असं ओरडत होते. जन्मात पहिल्यांदाच त्यांचा आवाज कोणापर्यंत पोचत नव्हता.

तेवढ्यात पिकअप आली. साळुबाई गाडी थांबायच्या आधी उतरल्या. कोणीतरी त्यांचा हात धरला, "म्हातारे, आत वाघ हाय."

"सोडा मला. वाघ आसंल न्हाईतर त्याचा बाप आसंल," त्या म्हणाल्या, आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी कडी काढून दार ढकललं.

समोर कॉट. कॉटवर तोंडावर पांढरं घेतलेला लेक.

साळुबाई दारातच थांबल्या. डबे बडवणारे थांबले. पुढं जावं आणि फडकं बाजूला करावं एवढं बळ त्या बाईच्या अंगात राहिलं नव्हतं. त्यांनी फक्त हाक मारली, लहानपणी ओढ्यावरून मारायच्या तशी. "संप्या."

टॉवेल हलला. संपत फटाक्यांनी जागा झाला होता, पण नियम आठवून तसाच पडून होता. टॉवेलखालून बारीक आवाज आला, "दाजी, बोलू का?"

साळुबाई मटकन खाली बसल्या. दारातली माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत मागं सरकली. संपत उठून आईजवळ गेला तर तिनं आधी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग त्याच टॉवेलनं त्याला बडव बडव बडवला आणि मग त्याला धरून रडायला लागली. भगवंतरावांच्याही डोळ्यांना धार लागली. त्यांना एकदम कळलं की या बाईनं बोरीपासून इथपर्यंतचा रस्ता लेक गेला असं समजून काढला होता, आणि तसं त्यांनी तिला सांगितलं होतं, दोनदा.

सासूनं जावयाला रागवायची आपल्याकडं रीत नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. साळुबाईंनी पदर सावरला आणि हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या जावयाला सोडून लेकीला म्हणाल्या, "शाले, ह्यांना म्हनावं, तुमच्या आवाजावर मानसं इस्वास ठेवत्यात."

भगवंतरावांना वाघानं खाल्लं असतं तरी इतकं लागलं नसतं.

वनरक्षकाचं दुखणं वेगळंच. तो वही उघडून बसला. "काका, कॉल आलाय म्हणजे वाघ आला होता. आला होता तर गेला कुठं ते लिहावं लागतं."

"तो आलाच नव्हता."

"मग गेला असं कसं लिहू? आणि गेला नसेल तर मला इथंच थांबावं लागेल."

वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, तशातली गत. शेवटी टपाल खात्याचा अनुभव कामी आला. पोपटराव म्हणाले, "लिहा, सदर वाघ दिलेल्या पत्त्यावर राहत नाही." वनरक्षकाला ते पटलं. त्यानं चहा घेतला आणि जाताना सगळ्यांना बजावलं की खरा वाघ दिसला तर फोन करायला लाजू नका.

दुसऱ्या दिवसापासून भगवंतराव कुजबुजू लागले. टॉवेल सुद्धा ते खुणेनं मागायचे. खोकं माळ्यावर गेलं. संध्याकाळी चहा व्हायचा तो दोनच कप. पोपटराव गल्लीतून जाताना हात करायचे, पण आत वळायचे नाहीत. आरती खिडकीतून "काका, बरे आहात ना?" विचारायची, आणि भगवंतराव मान हलवायचे. शालनबाईंना ती शांतता खायला उठली. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, बोला की मोठ्यानं. मला वाटतं घरात कोणी आजारी आहे."

चतुर्थीला दुपारी दारात साळुबाई उभ्या. लेण्याद्रीला गणपतीला आल्या होत्या, सोबत संपत. भगवंतराव लगबगीनं आतल्या खोलीत जायला निघाले. तोंड कसं दाखवणार? साळुबाई पदर सावरून भिंतीकडं बघत म्हणाल्या, "शाले, जावायबापूंना इचार, त्या वाघाचं फुडं काय झालं?"

भगवंतराव दारातच थांबले. "काही नाही झालं," ते कुजबुजले. "खेळ बंद केला."

"बंद केला म्हंजी? मंग माझं पोरगं आजून उसात मेलेलंच हाय व्हय? मला रातीला झोप न्हाई. डोळ्याफुडं तेच येतं. हितं बसल्याली हाय तवर त्याला भाईर काढा. तो फासा द्या मला."

"आई, तसं चालत नाही," संपत म्हणाला. "मेलेल्या मानसाला—"

"तू गप. तू मेलायस."

भगवंतराव माळ्यावर चढले. किती दिवसांनी त्यांच्या पायात जोर आला होता. खोकं काढलं, संपतला कॉटवर झोपवलं, टॉवेल शालनबाईंनी मुद्दाम फुलाफुलांचा दिला. साळुबाईंनी वीस तोंडांचा फासा मुठीत धरून कपाळाला लावला आणि टाकला.

पडले तीन.

सगळ्यांची तोंडं पडली. दहाच्या खाली फसलं, हा काही घरचा नियम नाही, तो पुस्तकातला. साळुबाईंना आकडा कळला नाही, पण तोंडं कळली. त्या जावयाकडं बघू लागल्या, आयुष्यात पहिल्यांदाच सरळ तोंडाकडं.

भगवंतरावांनी पुस्तक मिटलं. "आजपासून एक नवीन नियम आहे," ते म्हणाले. आवाज अजून बसलेलाच होता. "मेलेल्याला त्याच्या आईनं हाक मारली, तर तो उठतो. मग फासा काही का पडेना."

"आसं हाय व्हय," साळुबाई म्हणाल्या. त्यांनी घसा साफ केला. "संप्या."

संपत टॉवेल फेकून उठला. आणि भगवंतराव खुर्चीवरून उभे राहिले. त्यांना राहवेना. तो सगळा कोंडलेला आवाज एकदम बाहेर पडला, "सर्वांनी कृपया लक्ष द्यावे. संपत हा उसातून सुखरूप बाहेर आलेला आहे. संपत हयात आहे. पुन्हा ऐका. संपत हयात आहे. नातेवाइकांनी नोंद घ्यावी."

"घेतली," साळुबाई म्हणाल्या.

समोर गिरणीचा पट्टा थांबला. दादाभाऊ खिडकीत आले आणि विचारते झाले, "वाघ गेला का?" आरतीनं शेजारून डोकं बाहेर काढलं आणि चप्पल पायात अडकवली. पोपटराव गल्लीच्या तोंडाशी होते, ते तिथूनच ओरडले, "भगवंता, माझ्या वैद्याला दोर लिही. आणि गोळी पण." दहा मिनिटांत खोलीत बसायला जागा उरली नाही. साळुबाई वाघाच्या मागं उसात शिरल्या त्या मागं फिरायला तयार होईनात, त्यांची बोरीची एसटी निघून गेली तरी.

शालनबाईंनी चहा आणला. सगळ्यांनी घेतला. कप खाली ठेवले, आणि कोणी उठलं नाही.